कोरड्या जमिनीचा पाहुणा

पाहुणा आमच्या घरी आला तो सायकलरिक्षात बसून, संत्र्याच्या दोन पेट्या ठोकून केलेल्या खोक्यात. रिक्षावाल्याला मी आधीच सांगितलं होतं की आत जनावर आहे, पण चावणारं नाही. तरी तो धंतोलीपासून घरापर्यंत मान वळवून मागेच बघत होता आणि मी त्याला सारखी पुढे बघायला सांगत होते.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मी धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. दिवाळीनंतर आमच्या वॉर्डात एक आजोबा आले, खुब्याचं हाड मोडून. उभं आयुष्य आफ्रिकेत रेल्वेच्या नोकरीत गेलेलं, बायको तिकडेच वारलेली. म्हातारपणी नागपूरला परतताना माणूस काय आणेल? यांनी कासव आणलं. बोटीने मुंबईला, तिथून गाडीने इथे. एका भाड्याच्या घरात दोघं राहत होते. आता मुंबईहून पुतण्या न्यायला आला होता आणि घर सोडायचं ठरलं होतं. कासवाचं काय करायचं, असं आजोबांनी विचारल्यावर पुतण्या सहज म्हणाला, "घरामागे विहीर आहे ना, तिच्यात सोडून देऊ. पाणीही स्वच्छ राहील."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. आमच्याकडे विहिरीत कासव सोडतातच. ते किडे खातं, पाणी निर्मळ ठेवतं, असं सगळे मानतात. कासव म्हटलं की पाणी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पाण्याशिवायचं कासव कोणाला सुचतच नाही. पण त्या एका वाक्याने आजोबांचं ब्लड प्रेशर असं चढलं की डॉक्टरांनी मला हाक मारली.

"ते बुडेल हो," आजोबा म्हणत होते. "ते जमिनीवरचं आहे. कोरड्या रानातलं. पाण्यात मरेल ते."

मी म्हटलं, "मी नेते माझ्या घरी. तुम्ही आधी पडून राहा."

नर्सचं बोलणं असंच असतं. पेशंट शांत झाला पाहिजे, बाकीचं पुढे बघू. पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "कोरडं ठेवा. ऊन आणि सावली दोन्ही द्या. पाणी फक्त पिण्यापुरतं. आता तुम्ही म्हणून दाखवा." मी म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. एकदा तोंडातून गेलेला शब्द मी सोडत नाही. याला घरात हट्ट म्हणायचे आणि लग्नाचा विषय निघाला की याच हट्टाचं उदाहरण द्यायचे.

घरी मी, माय आणि बाबा. बाबा गिरणीत कामाला. छप्पनला त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. घरी येऊन त्यांनी देव्हाऱ्यातले सगळे देव एका फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. माय चुलीजवळ बसून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली. तेव्हापासून आमच्या घरात ना नवस, ना उपास, ना अंगारा. बाबा एका शब्दाचे. हट्ट मी कुठून घेतला ते सांगायला नको.

खोकं उघडलं. आत लग्नघरातल्या परातीएवढं कासव, पिवळट पाठीवर काळे शिंतोडे. मान बाहेर काढून ते आमच्याकडे असं बघत होतं, जसा गाडीतून उतरलेला माणूस स्टेशनची पाटी वाचतो. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी देव घराबाहेर काढले, अन् तू देवळाच्या दारातलं कासव घरात घेऊन आली?"

"देव नाही बाबा, पेशंटचं आहे."

"लोकं ऐकतेत का ते?" ते खोक्याजवळ उकिडवे बसले. मग म्हणाले, "राहीन तं जनावर म्हणून राहीन. कोणी हात जोडले तं मी चालतं करीन."

"कोणाले? कासवाले?"

"हात जोडणाऱ्याले."

आजोबा बरे होऊन येतील आणि आपलं कासव घेऊन जातील, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं. म्हणून बाबा त्याला पाहुणा म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं.

आमचं घर दोन खोल्यांचं, पण मागचं अंगण लांबरुंद होतं आणि त्यात एक कडुनिंब होता. बाबांनी कोंबड्यांची जाळी आणून अंगणाचा एक भाग अडवला. आम्हाला वाटलं, झालं काम. पण पाहुणा दिवसभर त्या जाळीला तोंड लावून चालायचा. जाळी हटत नव्हती आणि तो थांबत नव्हता. संध्याकाळी मी ड्युटीवरून आले तर त्याच्या नाकावरची कातडी सोलून रक्त आलं होतं. मी त्याला जांभळं औषध लावलं. दुसऱ्या दिवशी ते पुसून पुन्हा रक्त. मला राग यायला लागला होता, जाळीचा की त्याचा ते कळत नव्हतं. बाबा विटांवर बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

"पलीकडचं दिसून राहिलं न त्याले," ते म्हणाले. "दिसते तोवर तो थांबत नाही. थांबन कसा?"

जाळी निघाली आणि भिंत आली. ती बाबांनी स्वतः बांधली. गिरणीत लागण्याआधी, तिकडे पारशिवनीकडच्या त्यांच्या गावात, ते विहिरी खोदायच्या कामावर जायचे. खोदणं, दगड रचणं सगळं हातात होतं. विहीर खोदून व्हायची, पाणी लागायचं, मालक नारळ फोडायचा आणि त्यानंतर आमच्या माणसांनी त्या विहिरीवर चढायचं नाही. हे बाबा कधी बोलत नसत. मायने सांगितलं म्हणून मला माहीत.

गुडघाभर उंचीची ती भिंत बांधताना त्यांनी पाया मात्र खोल घेतला, कारण पाहुणा कडेकडेने माती उकरायचा. एकदा भिंतीच्या कोपऱ्यात शिरून तो वर चढायला गेला आणि पाठीवर उलटा पडला. चारही पाय हवेत, मान लांब केलेली, आणि सुलटं व्हायला काही आधार नाही. बाबांनी त्याला सरळ केलं, कोपरा तोडला आणि गोल बांधला. मग बाकीचे तिन्हीही. शेजारचे विचारायचे, "गोल भिंत काहून बांधून राहिले गा?" बाबा म्हणायचे, "ज्याचं घर, त्याच्या हिशोबानं."

आम्ही असेच चुकत शिकत गेलो. कुठलं पुस्तक नव्हतं. आजोबा मुंबईला जाईपर्यंत मी रोज पट्टी बदलताना त्यांना एकेक विचारून घ्यायचे. भात नको, पोळी नको, दूध तर नकोच. गवत, पाला, फुलं, काटे काढलेला निवडुंग. पाठीचं कवच मजबूत राहायला समुद्रफेस, तो इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला. पाणी प्यायला जुनी परात जमिनीत कडेपर्यंत पुरली, म्हणजे त्याला चढावं लागत नाही आणि पाणी खुराच्या वर येत नाही. बाबा त्याच्या पायांना खूरच म्हणायचे. थंडीसाठी संत्र्याच्या पेट्यांची खोली केली, आत भाताचं तणस भरलं, वर पिवळा बल्ब टांगला. माय म्हणायची, "आमच्या खोलीत बल्ब नाही अन् याच्या खोलीत आहे." पण संध्याकाळी तो बल्ब लावायचं काम तिनेच घेतलं होतं.

आता मागच्या गल्लीबद्दल सांगायला हवं. आमच्या अंगणाला लागून पलीकडे दुसरी गल्ली होती. तिथे बहुतेक हिंदू घरं, कोणी दुकानदार, कोणी कारकून, एक दूधवाला. भांडण कधीच नव्हतं. लग्नाची पत्रिका यायची, आजारपणात धावून यायचे. तिथल्या एका काकूंच्या मिस्टरांना रोज इन्शुलिनचं इंजेक्शन मीच द्यायचे आणि काकू मला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. त्यांच्या गल्लीत विहीर होती, आमच्या गल्लीत नळ होता. आम्ही कधी त्यांच्या विहिरीवर गेलो नाही, त्यांनी कधी येऊ नका म्हटलं नाही. तो विषयच निघाला नव्हता.

पाहुण्याची बातमी काकूंना लागली आणि पुढच्या एकादशीला त्या ताट घेऊन आमच्या अंगणात. आम्ही बापलेक कामावर. मायला आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलं नाही. काकूंनी पाहुण्याच्या पाठीवर तेल चोळलं, हळदकुंकू लावलं, पुढ्यात दुधाची वाटी ठेवली. सोमवारी आणखी दोघी आल्या, मग त्यांच्या जावा, नणंदा. बाबा पाळीवरून घरी आले तर पाहुणा लाल-पिवळा होऊन चकाकत होता. बाबा हातपाय न धुता आत जाऊन बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मला देवाचं काही सोयरसुतक नव्हतं. मला दिसत होता त्याचा डोळा. कुंकू जाऊन तो सुजला होता, पापणी चिकटली होती. दुधाने पोट बिघडलं होतं. तेलावर धूळ बसून पाठीवर चिखलाचा थर झाला होता. मी उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुतला आणि तशीच मागच्या गल्लीत गेले.

"काकू, उद्यापासून बंद."

"पुण्याचं काम अडवून राहिली तू, सिस्टर."

"पुण्य तुमचं, डोळा त्याचा."

काकूंचं तोंड उतरलं. पुढे कित्येक दिवस मी इंजेक्शन द्यायला जायचे तर चहा यायचा नाही. मी चहाशिवाय इंजेक्शन देत राहिले. अंगणाच्या फाटकाला आतून-बाहेरून घालता येईल अशी कडी बसवली. बाबांनी ती दोनदा ओढून बघितली आणि मान हलवली. आमच्याकडे शाबासकी एवढीच मिळते.

मग मे महिना आला. नागपूरचा मे ज्याने बघितलाय त्याला काय सांगायचं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बाबांनी पाहुण्यासाठी जमिनीत तिरपा खड्डा घ्यायला सुरुवात केली होती. वरून फरशी टाकायची, फरशीवर माती, तोंडाला खसची ताटी, म्हणजे आत गारवा. पण पाळी करून आल्यावर जेवढं होईल तेवढंच व्हायचं. खड्डा अर्धा झाला होता, फरशी भिंतीला टेकून उभी होती. तोवर पाहुणा कडुनिंबाच्या सावलीत ओल्या पोत्याखाली पडून असायचा, पाय पसरून, मान जमिनीला टेकवून. काकूंना त्यांच्या गच्चीवरून तो तसाच दिसायचा.

त्या आठवड्यात माय मावशीच्या घरच्या लग्नाला पारशिवनीला गेली होती. मी सकाळच्या ड्युटीला, बाबा पहिल्या पाळीला. दुपारी मी सायकलने घरी आले, डोक्यावरचा ओला रुमाल केव्हाच वाळून गेला होता. आधी मागे गेले. पोतं एका बाजूला पडलेलं, पाहुणा नाही. खड्ड्यात बघितलं, पेट्यांच्या खोलीत बघितलं. फाटकाला कडी नीट घातलेली होती. चोर काही कडी घालून जात नाही.

तेवढ्यात गच्चीवरून काकूंचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्या माझ्याशी आपणहून बोलत होत्या आणि आवाजात आनंद होता.

"सिस्टर, काळजी नोको करू वं. आम्ही त्याले थंडाव्यात ठेवलं. पाण्याचं जनावर, उन्हात तडफडून राहिलं होतं. पाहवलं नाही मले."

"कुठं ठेवलं?"

"विहिरीत."

मी फाटकातून धावत सुटले. काकूही गच्चीवरून उतरून आल्या. गल्लीतल्या दोन तरण्या पोरांना घेऊन त्यांनी पाहुण्याला चादरीत घालून विहिरीपर्यंत आणलं होतं, ओवाळलं होतं आणि दोराने अगदी जपून, कुठे लागू नये असं खाली सोडलं होतं. अर्धा घंटा झाला असन, त्या म्हणाल्या.

मी कठड्यावरून आत वाकले. मे महिन्याचं पाणी, खूप खाली गेलेलं. आधी काही दिसेना. मग दिसलं. पाहुणा बुडाला नव्हता. विहिरीच्या भिंतीला लागून तो गोल गोल चालला होता, जाळीला लागून चालायचा तसाच. पायांनी दगड खरवडत होता आणि मान वर ताणून धरली होती. मध्येच ती पाण्याखाली जायची आणि पुन्हा वर यायची. दर वेळी वर यायला जरा जास्त वेळ लागत होता.

"पाह्य कसं मस्त पोहून राहिलं," काकू माझ्या शेजारी वाकून म्हणाल्या.

"पोहत नाही काकू ते. चढाले जागा पाहून राहिलं. ते जमिनीवरचं आहे. थकलं की बुडन."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, परत आत बघितलं. त्यांच्या तोंडावरचा आनंद गेला आणि त्या तिथेच कठड्याला धरून खाली बसल्या.

विहिरीत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले दगड होते. मी ड्युटीची पांढरी साडी वर खोचली, चपला काढल्या. पोहता मला येत नव्हतं, पण त्या घडीला ते आठवलंही नाही. मी उतरणार हे एवढंच पक्कं होतं. पाय कठड्यापलीकडे टाकला आणि मागून बाबांचा आवाज आला, "थांब."

ते पाळीवरून आले होते, डबा हातातच होता. आमचा गलका ऐकून मागच्या वाटेने आले असावेत. विहिरीभोवती दगडी ओटा होता. बाबा त्याच्या खाली उभे होते. डबा त्यांनी जमिनीवर ठेवला, चपला काढून त्याच्या शेजारी ठेवल्या. आणि तिथे ते थांबले. क्षणभरच, पण मी बघितलं. ओट्याच्या कडेशी त्यांचे पाय आपणहून थांबले होते. लहानपणापासून लागलेली सवय, दुसरं काय. इतकी वर्षं या विहिरीच्या हाकेच्या अंतरावर राहून ते या ओट्यावर एकदाही चढले नव्हते.

आतून पाणी खळबळल्याचा आवाज आला. बाबा ओट्यावर चढले.

"तू वर राहा वं," ते मला म्हणाले. "वर आल्यावर त्याच्या नाकातोंडाचं तुले पाहा लागन. मले ते जमत नाही."

गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ पुढे झाले. "भाऊ, थांबा तुम्ही. आमचे पोरं उतरतीन."

ते काळजीने बोलले की दुसऱ्या कशाने, ते मला अजूनही सांगता येणार नाही. बाबांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं.

"पोरायले विहीर उतरता नाही येत. मी खोदल्या आहेत."

एवढं बोलून ते कठड्यापलीकडे गेले. त्या माणसाने मागे सरून वाट दिली. बाबा एकेक दगड पायाने चाचपत उतरत होते. शेवटच्या दगडावर शेवाळ होतं. त्यांचा पाय सटकला आणि ते पाण्याखाली गेले. मी ओरडले. ते खोकत वर आले, एका हाताने दगड धरला आणि दुसऱ्या हाताने पाहुण्याला छातीशी ओढून घेतलं.

"चादर सोडा," आतून त्यांचा आवाज घुमत आला.

चादर सोडली. त्यांनी पाहुण्याला तिच्यात बांधलं, दोराला दोन गाठी दिल्या. दोर ओढायला सगळ्यांत आधी कोणी हात घातला असेल तर काकूंनी. त्यांच्या मागे ती दोन्ही पोरं, त्यांच्या मागे ते गृहस्थ. पाहुणा वर आला. मान लोंबत होती, डोळे मिटलेले. मी त्याला उभा करून डोकं खाली धरलं, नाकातोंडातून पाणी गळू दिलं. मग पुढचे दोन्ही पाय धरून आत ढकलायचे, बाहेर ओढायचे, आत, बाहेर. माणसाला देतो तसा श्वास याला कसा द्यायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण आतली पोकळी हलती ठेवली पाहिजे एवढं कळत होतं. मी मनात म्हणत होते, मरायचं नाही, मी शब्द दिलाय. हात भरून आले. मी थांबले नाही. केव्हातरी त्याने फुस्स करून हवा सोडली आणि पाय माझ्या हातातून आत ओढून घेतले.

तोवर बाबाही वर आले होते, नखशिखांत भिजलेले. काकूंनी घरातून टॉवेल आणून त्यांच्या हातात दिला. मग माझ्याजवळ आल्या, रडत होत्या. "मी मारलंच असतं त्याले."

"हो," मी म्हटलं. खोटा धीर देण्याइतकी शक्ती माझ्यात उरली नव्हती, आणि रागही गेला नव्हता.

पुढचे दिवस वाईट गेले. पाहुण्याच्या नाकातून बुडबुडे येत होते. तोंड उघडं टाकून श्वास घ्यायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी गाई-म्हशींसारखंच बघून औषध दिलं. बाकी मी आजोबांचे शब्द धरून बसले: कोरडं, आणि ऊन-सावली दोन्ही. तो काही खात नव्हता. गवत ठेवलं, निवडुंग ठेवला, त्याने मान वळवली. बाबांनी गिरणीत रजा टाकली आणि खड्डा पुरा करायला घेतला. "हा जगला पाहिजे," मी म्हटलं. "जगन," बाबा म्हणाले, "पण जगून राहीन कुठं? आधी घर पायजे." पाहुणा मरायला टेकलेला आणि हे त्याच्या घराची माती चाळत होते. फरशी उचलायच्या वेळी मागच्या गल्लीतली ती दोन पोरं न बोलावता आली.

एका सकाळी फाटकाशी काकू उभ्या दिसल्या. आत येत नव्हत्या. हातात ताट नव्हतं, एक जास्वंदाचं फूल होतं.

"पूजेचं नाही," त्या बाहेरूनच म्हणाल्या. "खाते का तं पाह्य."

मी फूल घेतलं, झटकून पाहुण्याच्या तोंडाजवळ ठेवलं. बराच वेळ काही नाही. मग त्याने मान पुढे केली, लाल पाकळीचा वास घेतला आणि एक तुकडा तोडला. मग दुसरा. मला रडू आलं, आणि काकूंसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी पाण्याची परात धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दोन जास्वंदं आणली, तिसऱ्या दिवशी मूठभर दूर्वा. बाबा माती लिंपता लिंपता म्हणाले, "जास्वंद झालं, दूर्वा झाल्या. आता फक्त मोदक राहिले." पण त्यांनी काकूंना चालतं केलं नाही. काकूंनी हात जोडले नव्हते. आणि मी इंजेक्शन द्यायला गेले तेव्हा चहा आला.

त्याच सुमारास मुंबईहून दवाखान्यात पुतण्याचा फोन आला. आजोबा विचारतायत, म्हणाला, कोरडं आहे ना? मी म्हटलं, कोरडं आहे, आणि आता गारही आहे. आजोबा पुढे परत आले नाहीत. पाहुणा कायमचा आमच्याकडे राहिला आणि नाव मात्र पाहुणाच.

घर पुरं झालं त्याच दिवसांत आमच्या गल्लीचा नळ गेला. उन्हाळ्यात जायचाच. माय लग्नाहून परतली होती, घरात प्यायच्या पाण्याचा एक माठ शिल्लक होता. संध्याकाळी बाबा नव्या घराच्या तोंडाशी बसून पाहुण्याचं बघत होते. तो खसच्या ताटीखालून बाहेर आला आणि परातीशी जाऊन उभा राहिला.

"परातीत पाणी नाही," बाबा म्हणाले.

"नळ नाही आला."

"विहिरीचं आण."

"कोणत्या?"

विहीर एकच होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते पाहुण्याकडेच बघत म्हणाले, "मागची. गोड आहे पाणी."

"तुम्हाले काय माहीत?"

"पाय घसरला तवा गेलं न तोंडात."

मी बादली घेतली. त्या दिवशी धावत गेले होते तेव्हा काही जाणवलं नव्हतं. आज हातात रिकामी बादली होती आणि ओट्याखाली माझेही पाय थांबले. काकू पाणी ओढत होत्या. त्यांनी मला बघितलं, बादली बघितली आणि आपली पाण्याची पितळी गुंडी उचलून बाजूला ठेवली.

"काहून उभी आहे वं? भर न."

मी भरली. घरी आणून बाबांपुढे ठेवली. त्यांनी आधी परातीत पाणी ओतलं, पिण्यापुरतं. पाहुण्याने तोंड बुडवलं आणि त्याचा गळा हळूहळू हलू लागला. त्याचं पिऊन होईपर्यंत बाबा थांबले. मग बादलीतून लोटा भरून घेतला आणि सावकाश प्यायले. दुसरा लोटा भरून तोही प्यायले. मिशा पुसल्या आणि मला म्हणाले, "उद्याही तिथूनच आण."